कार्डांची देवघेव व टपालहंशील

माझ्या टेबलाच्या खणांत एक लांबट वही असते. तिच्या डाव्या पानांवर 'पाठविलीं' व उजव्या पानांवर 'आलीं' असे मथळे आहेत. हा हिशेब पैशांचा नव्हे, खेळाडूंच्या चित्रकार्डांचा आहे. परवां दहावींतील एका मुलानें ती चाळून विचारलें, "सर, हिशेब मध्येंच बंद कां केला? आणि ही शेवटची एकच ओळ दुसऱ्याच्या अक्षरांत कशी?" तासाची घंटा झाल्यामुळें उत्तर राहून गेलें, तें येथें देतों.

माझ्या लहानपणीं, १९९० नंतरच्या चार-पांच वर्षांत, बबलगमबरोबर क्रिकेटपटूंचीं छोटीं कार्डें मिळत असत. गोळीची गोडी दहा मिनिटांत संपे. कार्ड मात्र पेटींत राही. शिक्षक झाल्यावर ती पेटी मीं पुन्हां उघडली, आणि २००९ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांशीं माझा पत्रव्यवहार जुळला. अमेरिकन गृहस्थास क्रिकेटची आवड कशी, असें वाटेल. परंतु त्या शहरांत एके काळीं हा खेळ फार लोकप्रिय होता. तेथील बार्ट किंग या गोलंदाजानें १९०८ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत तेथील सर्व गोलंदाजांहून सरस सरासरी राखिली होती. या गृहस्थांस आमचीं क्रिकेटचीं कार्डें हवीं होतीं, मला त्यांचीं बेसबॉलचीं. बेसबॉलचा खेळ मला अद्यापि पुरता समजलेला नाहीं. पण टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या ४०७ कार्डांच्या संचाविषयीं ते इतक्या प्रेमानें लिहीत कीं, त्या खेळाडूंचीं नांवें माझ्या तोंडीं बसलीं. एकास एक, असा आमचा नियम होता. कार्ड गेलें कीं डावीकडे एक ओळ, आलें कीं उजवीकडे एक.

कार्डाचें वजन तें केवढें! दोन ग्रॅमसुद्धां नाहीं. परंतु तें वांकूं नये म्हणून ताठ प्लास्टिकचें आवरण हवें, आवरणास पुठ्ठा हवा, आणि मग पाकीट इतकें जाड व कडक होतें कीं, तें साध्या पत्रांच्या दरांत बसत नाहीं. शिवाय टपालखात्याच्या दृष्टीनें लेखी कागद निराळा व वस्तु निराळी. कार्ड ही वस्तु. तिजबरोबर जकातीचें निवेदन लागतें, आणि २०२१ सालापासून तर ही माहिती पाकीट पोंचण्यापूर्वींच संगणकावरून परदेशीं कळवावी लागते. साध्या पत्राचा दरहि स्थिर राहिला नाहीं. अमेरिकेहून परदेशीं एक औंस पत्र धाडण्याचें तिकीट २०१३ सालीं १ डॉलर १० सेंटांस होतें, तें २०२५ च्या जुलैंत १ डॉलर ७० सेंटांवर गेलें. वस्तूंच्या पाकिटांचे दर याहून किती तरी अधिक. चार आण्यांच्या चित्रासाठीं शेंकडों रुपये मोजावे लागले, तेव्हां घरांतून जे उद्गार निघाले ते येथें लिहीत नाहीं.

हें असें कां व्हावें, म्हणून मीं थोडें वाचन केलें, व त्यांत एक फार सुंदर गोष्ट हातीं लागली. १८७४ सालीं बर्न शहरीं अनेक राष्ट्रांनीं करार केला. त्यांतूनच आजचा जागतिक टपाल संघ झाला. हिंदुस्थान १८७६ सालीं त्यांत सामील झाला. त्या कराराचें मुख्य तत्त्व असें कीं, ज्या देशानें तिकीट विकलें त्यानेंच तो पैसा ठेवावा. पत्र घरपोंच करणाऱ्या देशानें कांहीं मागूं नये. कारण काय, तर प्रत्येक पत्रास उत्तर जातेंच, आणि दोघांचें ओझें सारखें होतें! सुमारें शंभर वर्षें राष्ट्रांनीं या भरंवशावर हिशेब ठेविला नाहीं. परंतु कांहीं देशांत पत्रें अधिक येऊं लागलीं, जात कमी. तेव्हां १९६९ च्या टोकियो येथील परिषदेंत ठरून १९७१ पासून अधिक ओझें वाहणाऱ्यास मोबदला देण्याची चाल पडली. पुढें इंटरनेटवरील दुकानदारीमुळें लहान पुडक्यांचा पूर लोटला. अमेरिकेनें २०१८ सालीं संघांतून निघून जाण्याची नोटीस दिली, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत जिनीव्हा येथें तडजोड होऊन अशा पुडक्यांचा मोबदला आपला आपण ठरविण्याची मोकळीक देशांस मिळाली. हा भार शेवटीं पाठविणाऱ्याच्याच खिशावर येतो.

राष्ट्रांनीं हिशेब सुरू केला, आणि आम्हां दोघांस तो बंद करावा लागला. एकेक कार्ड धाडणें परवडेना. म्हणून वर्षाचीं कार्डें सांठवावयाचीं, त्यांचीं छायाचित्रें ई-मेलनें आधीं दाखवावयाचीं, व एकाच पाकिटांत वजनाच्या मर्यादेंत बसतील तेवढीं पाठवावयाचीं, असें ठरलें. मग एकास एक कसें जमणार? २०२१ सालीं त्यांनींच लिहिलें कीं, यापुढें मोजूं नका, जें मला मिळावें असें तुम्हांस वाटतें तें पाठवा. त्या दिवसापासून वही कोरी आहे.

आतां शेवटच्या ओळीविषयीं. २०२२ सालीं नववींतील एका मुलानें वडिलांच्या लहानपणच्या संग्रहांतील एक कार्ड माझ्या पाकिटांत घालावयास दिलें. बदल्यांत त्यास पोकेमॉनचें एक कार्ड हवें होतें. पाकिटाचा माग ठेवावयाचा तर दर अधिक पडे. मीं ते पैसे वांचविले. पाकीट पोंचलें नाहीं. तो मुलगा दर सोमवारीं विचारी. मग विचारीनासा झाला, आणि मला वर्गांत त्याच्याकडे पाहवेना. मीं त्याच्या घरीं जाऊन चूक कबूल केली व पैसे पुढें केले. वडिलांनीं ते घेतले नाहींत. "पत्ता बरोबर होता ना, सर?" एवढेंच ते म्हणाले. फिलाडेल्फियाच्या मित्रांस कळल्यावर त्यांनीं पोकेमॉनचें कार्ड पुढच्या पाकिटांत धाडून दिलें. मुलानें तें घेतलें, पण हंसला नाहीं. "आतां मी त्यांचें एक देणें लागतों," असें म्हणाला.

२०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें ८०० डॉलरपर्यंतच्या मालास असलेली जकातमाफी काढून घेतली, व आपल्या टपालखात्यानें तिकडील टपाल थांबविलें. माझें बांधलेलें पाकीट खिडकीवरून परत आलें. १५ ऑक्टोबरास टपाल पुन्हां सुरू झालें. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूस कर नव्हता. एरवीं जाहीर किंमतीच्या ५० टक्के कर येथेंच भरावा लागे. माझीं कार्डें आतां हिशेबाबाहेरचीं, म्हणून त्यांवर 'भेट' लिहिण्यास माझें मन कचरलें नाहीं. इतक्यांत तो मुलगा, आतां बारावींतला, एक कार्ड घेऊन आला. मीं तें त्याच पाकिटांत घालूं लागलों, तोंच तो म्हणाला, "तें भेट नव्हे, सर. तें देणें आहे."

मग दोन पाकिटें केलीं. एका सहकाऱ्यानें कपाळाला हात लावला. दुसऱ्या पाकिटावर खरी किंमत लिहिली, कर भरला, आणि या वेळीं दोन्हींचा माग ठेवण्याचा पुरा दर दिला. मुलानें पावतीवरचा क्रमांक स्वतः उतरून घेतला, माझ्याकडून वही मागितली, आणि चार वर्षें कोऱ्या राहिलेल्या डाव्या पानावर एक ओळ लिहिली.