लोराँचा हात

कोल्हापुरात ज्यानं म्हणून कधी पेन्सिल हातात धरली असेल, त्याला माझं एकच सांगणं आहे: एमिल झोलाची 'तेरेज राकाँ' वाचा. आजच सुरू करा. फ्रेंच येत नसेल तर इंग्रजी भाषांतर घ्या, मलाही कुठं फ्रेंच येतंय! मी हेडस्टडी, म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा काढायला, शिकवणारा माणूस. कादंबऱ्या वाचतो त्या दिवाळी अंकांच्या मधल्या दिवसांत. पण ही वाचून झाल्यापासून भेटेल त्याला पकडून सांगत सुटलोय, आणि घरच्यांनी आता माझ्यासमोर पॅरिसचं नाव काढायचं बंद केलंय.

पुस्तक आहे 1867 सालचं. झोला तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा. गोष्ट म्हटली तर वर्तमानपत्रात रोज छापून येणारी. पॅरिसमध्ये नदीजवळच्या एका कोंदट, काचेच्या छपराच्या बोळात सुया-दोऱ्यांचं, टोप्या-मोज्यांचं दुकान. दुकानात म्हातारी मादाम राकाँ, तिचा सदा आजारी मुलगा कामीय, आणि लहानपणापासून त्याच्याबरोबर वाढलेली, आता त्यालाच दिलेली भाची तेरेज. दर गुरुवारी संध्याकाळी ठरलेली माणसं येतात, डॉमिनो खेळतात, चहा पितात, जातात. एके दिवशी कामीय आपल्या रेल्वेच्या कचेरीतल्या एका जुन्या मित्राला घरी आणतो. तो लोराँ. शेतकऱ्याचा पोरगा, बैलासारखी मान, आणि अंगात आळस ठासून भरलेला. बापानं वकिलीला पाठवलं, तर हा चित्रकार व्हायला निघाला. का, तर या धंद्यात कष्ट नसतात असं त्याला वाटलं! (इथं मी पुस्तक मिटून मोठ्यांदा हसलो. दळवीज कलाशाळेत शिकताना पहाटे उठून रंकाळा तलावावर लँडस्केपला गेलेल्या कुणालाही विचारा.) बापानं पैसे बंद केल्यावर कारकुनी पत्करली. तेरेजचं आणि त्याचं जमतं, आणि मग दोघं मिळून कामीयला सेन नदीत बुडवतात. अपघात झाला असं सगळे मानतात. डॉमिनो खेळायला येणाऱ्यांत एक निवृत्त पोलिस कमिशनर आहे. पुढं तोच या दोघांचं लग्न जुळवायला हातभार लावतो. नाद खुळा!

म्हणजे पकडले जायची भीती संपली. आणि खरी कादंबरी तिथून सुरू होते.

बुडताना कामीयनं लोराँच्या मानेचा लचका तोडलेला असतो. लग्नाच्या दिवशी लोराँ शर्टाच्या कॉलरचं बटण लावायला जातो आणि कडक कॉलर नेमकी त्या वणावर घासते. एवढंच. पश्चात्तापाचं भाषण नाही, देवाचा धावा नाही. एक बटण आणि एक लालभडक खूण. आपण वि. स. खांडेकरांच्या गावची माणसं. 'ययाती' वाचून वाढलेल्यांना पाप केलेला माणूस बोलतो, स्वतःला कोसतो, जगण्याचा अर्थ शोधतो, याची सवय असते. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधलं खुनी जोडपंही बोलतंच. लोराँ बोलत नाही. त्याच्याकडं तेवढं मनच नाही. अपराध त्याच्या कातडीत शिरलाय.

पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला, एका समीक्षकानं तर या सगळ्या प्रकाराला सडकं साहित्य म्हटलं. त्यावर झोलानं 1868 च्या दुसऱ्या आवृत्तीला जी प्रस्तावना लिहिली तिच्यात तो हेच सांगतो: मला स्वभाव रंगवायचे नव्हते, प्रकृती तपासायची होती, ज्याला मी यांचा पश्चात्ताप म्हणतो तो शरीरातला एक बिघाड आहे, ताणलेल्या मज्जातंतूंचं बंड. प्रस्तावनेत तोरा भारी आहे, शस्त्रवैद्य प्रेत फाडतो तसं मी केलं वगैरे. तो तोरा मला पटत नाही. पण कादंबरी त्याच्या तोऱ्यापेक्षा मोठी निघाली.

कारण पंचविसावं प्रकरण. तेवढ्यासाठी तरी वाचा!

खुनाआधी लोराँनं कामीयचं पोर्ट्रेट केलेलं असतं. रंग मळलेले, चेहरा हिरवट, बुडालेल्या माणसासारखा. अडाणी हात. खुनानंतर शवागाराचा भाग येतो: तेव्हा पॅरिसच्या शवागारात बेवारस प्रेतं काचेमागं मांडून ठेवत, आणि लोक येऊन बघून जात. लोराँ तिथं रोज खेटे घालतो, शेवटी कामीय सापडतो, आणि तो त्याच्याकडं एकटक बघत राहतो. पुढं लग्नानंतर नोकरी सोडून स्टुडिओ घेतो. एक जुना चित्रकार मित्र सहज डोकावतो आणि थक्क होतो. भिंतीवर पाच स्टडीज, दोन बायकांचे चेहरे, तीन पुरुषांचे, आणि काम चक्क उत्तम! झोपमोडीनं आणि भीतीनं या रेड्याच्या हातात कला आलीय. मित्र जाता जाता एकच दोष काढतो: सगळे एकमेकांचे नातेवाईक वाटतात रे. तो गेल्यावर लोराँ बघतो. पाचही चेहरे कामीयचे.

मग तो कागद घेऊन बसतो. देवदूत काढतो, कामीय. शिरस्त्राणातला रोमन शिपाई, कामीय. गोरं गोंडस पोर, तेच. शेवटी कुत्री-मांजरं काढतो, तर त्यांच्याही तोंडावर कामीयची छटा.

मी हे वाचून उठून येरझाऱ्या घातल्या. हेडस्टडीच्या वर्गात हे रोजचं आहे हो! समोर मॉडेल बसलंय, आणि पोरगं न कळत आपल्या बापाचं नाक काढतं, नाहीतर स्वतःची हनुवटी. चार मॉडेल बदला, हनुवटी तीच. हाताला बसलेला चेहरा डोळ्याला जुमानत नाही. आम्ही त्याला सांगतो, पेन्सिल खाली ठेव, आधी बघ. लोराँला कोण सांगणार? त्यानं तर नको इतकं बघितलंय. चित्रकाराच्या धंद्यातली एवढी बारीक खोड उचलून त्यातून भूत उभं करायचं, हे लेखकाला सुचलं कसं?

सुचणारच. पॉल सेझान हा झोलाचा शाळेतला जिवलग. सगळं पॅरिस एदुआर मानेला हसत होतं तेव्हा वर्तमानपत्रात त्याची बाजू घेऊन भांडला तो झोला. मानेनं 1868 मध्ये त्याचं पोर्ट्रेट केलं. हा माणूस टर्पेंटाइनच्या वासात वावरलेला होता.

मधली काही प्रकरणं रेंगाळतात, हे खरं. रात्री मागून रात्री, अंथरुणात दोघांच्या मध्ये तो ओला प्रेतदेह. तिसऱ्यांदा आला की कळलं म्हणावंसं वाटतं. पण लगेच म्हातारी मादाम राकाँ लकव्यानं जागची हलेनाशी होते, वाचा जाते, आणि तिच्यासमोरच दोघांच्या तोंडून खरं फुटतं. एका गुरुवारी ती सगळं बळ एका बोटात आणून टेबलावरच्या मेणकापडावर अक्षरं गिरवू लागते. 'तेरेज आणि लोराँ यांनी', इथवर येतं आणि हात पडतो. पुढचं वाक्य पुरं करतो ग्रिवे नावाचा डॉमिनोवाला बावळट: माझी फार चांगली काळजी घेतलीय! शेवट सांगत नाही. म्हातारीचे डोळे मात्र उघडे आहेत, एवढं ध्यानात ठेवून पुढं वाचा.

मला आता झोलाची 1886 ची 'लव्र' हवीय, चित्रकारावरची; इंग्रजीत 'द मास्टरपीस' नावानं मिळते. ती छापून आल्यावर सेझानची आणि त्याची दोस्ती थंडावली म्हणतात. कोल्हापुरात कुणाच्या कपाटात असेल तर निरोप द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. परतही करीन, पण जरा उशिरा.