गाणारीचं नाव

कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत गोंधळ, जागरण, तमाशा, दशावतार यांचा रीतसर अभ्यास चालतो. डोंबिवलीच्या मुलीला तिथे पोचायचं तर सकाळची फास्ट लोकल पकडावी लागते. लोकसाहित्याचा तास मात्र फलाटावरच सुरू होतो. पलीकडच्या डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ वाजू लागतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो आणि मुंब्र्याचा डोंगर मागे पडेपर्यंत अभंग थांबत नाही. एखादा समान धागा धरून असलेला कुठलाही समूह लोकपरंपरा घडवू शकतो, असं अमेरिकी अभ्यासक अॅलन डंडिस सांगत. मग तो धागा भाषेचा असो, धर्माचा असो की धंद्याचा. रोजची ८:१४ हासुद्धा असा धागाच आहे, हे या गाडीने जाणाऱ्या कुणालाही पटेल.

याच रुळांच्या कडेला आगरी गावं आहेत. टॉवर उठले, शेतं गेली, तरी आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण अजून येते. मांडव, हळद, देवांना आवतण अशा प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिला पाठ असतं. काटईकडच्या एका आजींकडे मी दुपारी मोबाइल घेऊन गेले. ओसरीवर सूप घेऊन त्या तांदूळ निवडत होत्या. गायचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

"मांडव नाय, हलद नाय, नि धवला कसा गाऊ गो पोरी?"

लोकसाहित्याची पुस्तकं ज्याला संदर्भ म्हणतात, तो आजींनी एका वाक्यात शिकवला. लग्नाला मात्र त्यांनी मला आवर्जून बोलावलं. मांडवाबाहेर डीजे दणाणत होता. आत हळदीच्या पाटाशी आजी नवरीच्या कानाजवळ वाकून गात होत्या, ओळ संपली की भोवतीच्या बाया ती उचलत होत्या. नवरीच्या गालावरून हळद आणि आसवं एकत्र ओघळत होती. माझ्या ध्वनिमुद्रणात डीजेचा गोंगाटही आहे. मी तो काढलेला नाही. आजचा धवला त्या गोंगाटातच गायला जातो.

ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघरमध्ये वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी गाते. तिथलं चित्र भिंतीवरून कागदावर आलं, जगभर गेलं; वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. गाणं मात्र मांडवातच राहिलं. चित्र विकत घेऊन भिंतीवर टांगता येतं, धवलेरीला ऐकायला तिच्या दारी जावं लागतं.

दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाची वाट घडवली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी तर हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी शिस्त: ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवायचं. जुन्या संग्रहांत ओवी भेटते, बाई क्वचितच भेटते. शतकानुशतकं जिने हे धन सांभाळलं, तिला 'अज्ञात' म्हणून मोकळं होणं हा अभ्यास नव्हे, अन्याय आहे.

हे काम विद्यापीठाच्या भरवशावर सोडून चालणार नाही. तुळशीचं लग्न झालं की मांडव पडू लागतील. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत तुमच्या शेजारी धवला ऐकू आला, तर धवलारणीची परवानगी घ्या आणि पूर्ण विधी ध्वनिमुद्रित करा. सगळ्यात आधी तिचं नाव विचारा, आणि तिची हरकत नसेल तर ते गाण्याच्या वर लिहा.