पाचव्या यत्तेचं तेल

आमच्या दारातल्या मॉरिस मायनरला गल्लीतली मुलं 'कासव' म्हणतात. १९५८ सालची गाडी. गोवा मुक्त झाल्यावर तिकडच्या काही परदेशी गाड्या घाट चढून बेळगावात आल्या, त्यांतली ही वडिलांनी १९६४ साली मडगावहून आणली. वडील वकील. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि गाडीबरोबर मिस्त्रीही आले. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांची गाडी सांभाळली, यांनी माझी. घरात ते कानडी बोलतात, माझ्याशी अर्धं कानडी अर्धं मराठी, आणि नटबोल्टांशी कुठल्या भाषेत बोलतात ते देव जाणे!

२०१९ च्या दसऱ्याआधीची गोष्ट. चिरंजीव पुण्याहून आले ते गिअरबॉक्ससाठी तेलाचे तीन डबे घेऊनच. सिंथेटिक, ७५डब्ल्यू-९०, वर ठळक अक्षरांत 'जीएल-५'. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सारून डबा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बेड सर, आ एण्णे बेड." हे तेल नको. या गिअरबॉक्सला इंजिनचंच साधं तेल घालायचं, हा त्यांचा नेहमीचा पाठ. तेही नको असेल तर निदान जीएल-४ आणा, म्हणाले.

"अहो मिस्त्री, चौथीपेक्षा पाचवी वरची ना?" त्यांच्या हाताखालच्या दोन पोरांदेखत मी म्हटलं. पोरं हसली. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी निमूटपणे जुनं तेल काढलं, नवं ओतलं, आणि हात पुसत आत निघून गेले.

पुढे टाळेबंदीत गाडी महिनोन्‌महिने उभीच होती. २०२१ च्या डिसेंबरात पणजीला एका लग्नाला निघालो, तर चोर्ला घाटात दुसरा गिअर टाकताना कर्रर्र आवाज. येताना तिसराही तसाच. मिस्त्रींकडे जायला मी तरी पंधरा दिवस लावले. कारण ओळखायला फार हुशारी नको.

त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, तेल पातेल्यात सोडलं आणि पातेलं उन्हात नेलं. तेलात सोनेरी धूळ चमकत होती. सोनं नव्हे, आतल्या ब्राँझच्या बुशांची आणि गिअर जुळवणाऱ्या कोनांची ती धूळ. बुशांचा रंगही काळपट झाला होता. मी खाली मान घालून उभा. मिस्त्री तरी म्हणाले, "सगळं पाप तेलाचं नाही सर, वय पण हाय की." माणूस मोठा!

तेव्हा कुठे मी वडिलांच्या कपाटातून गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. गिअरबॉक्सला इंजिनचंच, ३० नंबरचं तेल, सवादोन पिंट, म्हणजे सुमारे १.३ लिटर, मागच्या अॅक्सलला मात्र निराळं, ९० नंबरचं 'हायपॉइड' तेल, दीड पिंट. शेजारी पेन्सिलीनं वडिलांचं वळणदार अक्षर : "गिअर – इंजिनचेच. मागे – वेगळे." जन्मभर मुलांना 'आधी पुस्तक वाचा' म्हणून ओरडणाऱ्या मी ते पान कधी उघडलं नव्हतं.

मग वाचत गेलो. इंजिनाच्या तेलात नवी श्रेणी आली की सहसा ती जुनीची जागा घेते. गिअरच्या तेलात तसं नाही. जीएल-४ आणि जीएल-५ या वरखालच्या यत्ता नाहीत, वेगळ्या कामांसाठी नेमलेली ती दोन माणसं आहेत. पाचमध्ये गंधक-स्फुरदाची द्रव्यं चारच्या जवळजवळ दुप्पट असतात. दातांवर भयंकर दाब आला की ती पोलादावर एक पातळ थर धरतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. पण गंधकाचं तांब्याशी जुनं वैर. घरातल्या पितळी समया कशा काळवंडतात ते आपण पाहतोच. त्यातून उष्णता असली की काम लवकर होतं. शिवाय गिअर जुळायला त्या कोनांची थोडी पकड लागते, ती या तेलानं निसटते. सगळीच जीएल-५ तेलं पितळ खातात असं नाही, काहींत ते रोखणारी द्रव्यंही घालतात; पण साठी उलटलेल्या बुशांवर हा प्रयोग मी का करावा?

नंबरांचा घोळही तेव्हाच उमगला. इंजिनच्या तेलाचा ३० आणि गिअरच्या तेलाचा ९० या दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या. गिअरचं ९० हे इंजिनच्या ४०-५० इतकंच दाट असतं. गणिताचे आणि चित्रकलेचे गुण शेजारी मांडून मुलाला बोलावं, तसं माझं झालं होतं.

बुश नवे ओतून, लेथवर कातून बसवायला दोन महिने गेले. आता दुकानांत ०डब्ल्यू-२० सारखी पाण्यासारखी पातळ इंजिनतेलं मांडलेली असतात, ती इथे कामाची नाहीत. मिस्त्रींनी ट्रकवाल्यांच्या दुकानातून साधं खनिज २०डब्ल्यू-४० आणलं.

मी आता पुरता जुन्याचा भक्त झालो होतो. म्हटलं, "मिस्त्री, मागच्या अॅक्सललाही हेच घाला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सर, माग नको! तुमचा तो पुण्याचा डबा कुठं हाय?"

अॅक्सलमधली दातांची जोडी हायपॉइड. छोटं चक्र मोठ्याच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं. अमेरिकेत पॅकार्डनं १९२६ च्या सुमारास ही रचना मोटारीत आणली. त्यानं मधला दांडा खाली गेला, गाडीची बैठकही खाली आली. पण तिथले दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. साधं तेल तिथे टिकत नाही. आणि आत जपायला पितळही फारसं नाही. म्हणजे ज्या डब्यानं पुढे घात केला, त्याचीच मागे गरज होती.

उरलेला दीड डबा मी घेऊन गेलो. तीच दोन पोरं तिथे उभी. "मिस्त्री, मी पाचवीत नापास," मी त्यांच्यासमोर म्हटलं. या वेळी मिस्त्रीही हसले.

मागे जीएल-५ भरून झालं. मग त्यांनी पुढची सतरंजी उचलली आणि फनेल लावून गिअरबॉक्समध्ये साधं तेल सोडायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "सर, बोट घाला."

मी भोकात बोट घातलं. तेल काठाला लागलं होतं.

"साकु," मिस्त्री म्हणाले, आणि बूच आवळलं.