हात आवरण्याची विद्या

शालेय फुटबॉलमधला मैदानावरचा भौतिकोपचार, म्हणजे पडलेल्या खेळाडूला उठवावे, बाहेर न्यावे की हलवूच नये हे जागेवर ठरवण्याचे काम, कडेला उभ्या असलेल्यांना फवारा मारण्याइतके सोपे वाटते. परंतु त्या फवाऱ्याने कातडी तेवढी घटकाभर बधिर होते, आतल्या इजेत काहीच फरक पडत नाही, आणि या विद्येचा खरा कस हात चालवण्यात नव्हे तर हात आवरण्यात लागतो. परळी वैजनाथसारख्या गावी तालुका पातळीच्या सामन्याला फिजिओ हजर असणे ही चैनच ठरते, त्यामुळे ही जबाबदारी क्रीडाशिक्षकावर येते आणि त्याच्याभोवती ‘चोळा, चालू द्या, मोकळा होईल’ असे सांगणाऱ्या अनुभवी मंडळींची वाण कधीच नसते.

हा सल्ला मुलाच्या बाबतीत धोक्याचा का, याचे उत्तर वाढत्या हाडाच्या रचनेत आहे. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो, त्याला वृद्धिपट्टिका म्हणतात, आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. हा पट्टा सांधा बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असल्यामुळे ज्या झटक्याने प्रौढाचा अस्थिबंध ताणला जाईल, त्याच झटक्याने 13 वर्षांच्या मुलाची वृद्धिपट्टिका सरकू शकते. सॉल्टर आणि हॅरिस यांनी 1963 मध्ये या इजांचे जे पाच प्रकार मांडले, त्यांतला पाचवा, म्हणजे पट्टिका चेपली जाणे, पहिल्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. मुलाच्या घोट्याला ‘नुसती लचक’ म्हणण्याची घाई म्हणूनच करू नये.

परळीची काळी माती यात आपली भर घालते. शालेय सामने बहुतेक पावसाळ्यात येतात, तेव्हा ही चिकट माती बुटाचे स्टड धरून ठेवते, वरचे शरीर वळते आणि मध्ये घोटा किंवा गुडघा सापडतो. पाऊस संपून महिने लोटले की तीच जमीन भेगाळून दगडासारखी होते.

पंचाने खूण केल्याशिवाय उपचार करणाऱ्याला आत जाता येत नाही, पण तपासणी त्याआधीच सुरू झालेली असते: मूल पडताना त्याने हात पुढे टाकले की नाही, हे कडेवरूनही दिसते, आणि हात न टाकता पडलेल्या मुलाची शुद्ध हरपली असावी असे धरूनच पुढे जावे लागते. घोट्याची इजा असेल, तर बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून वर सुमारे 6 सेंटीमीटरपर्यंत हाडाची मागची कड बोटाने हलकेच दाबत जावी, तसेच आतल्या बाजूलाही करावे. हाडावरच दुखले किंवा मुलाला चार पावले टाकता आली नाहीत, तर पाय आहे त्या स्थितीत बांधून एक्स-रेसाठी पाठवावे. हे निकष कॅनडातल्या ओटावा येथे 1992 मध्ये तयार झाले, आणि अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परळीहून साधारण 25 किलोमीटरवर असल्याने ‘उगाच कशाला एवढ्या लांब’ या प्रश्नाला ते चांगले उत्तर ठरतात. बर्फ ओल्या दस्तीत गुंडाळून थोडा वेळ लावला तर ठणका कमी होतो, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र 1978 मध्ये रूढ करणारे डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे बर्फाविषयीचे आपले मत बदलले.

वीस मिनिटांच्या ‘इलेव्हन प्लस’ व्यायामक्रमाने यांपैकी कित्येक इजा मुळातच टळतात, पण तालुक्याच्या सामन्यांत दोन सामन्यांमधली वीस मिनिटे मिळवणे हीच एक लढाई असते.

डोक्याच्या माराचे प्रकरण वेगळे, कारण तिथे दाबून पाहायला काही नसते आणि मूल स्वतःच ‘सर, काही नाही झालं’ म्हणत उभे राहते. अशा वेळी त्याला साधे प्रश्न विचारतात: हा पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला. उत्तर अडखळले, नजर रिकामी वाटली किंवा ओकारी आली, तर त्या दिवशी तो परत मैदानात उतरत नाही. उत्तरे बरोबर आली तरी शंका उरली असेल, तर निर्णय तोच राहतो. मग त्याचे बूट काढून घेऊन त्याच्याजवळ कोणाला तरी बसवावे लागते, कारण बूट पायात असतील तर चौदा वर्षांचा मुलगा पाठ फिरताच रेषेपाशी जाऊन उभा राहतो.