ओसरीवरचं गुपित

शिकताना पहिला नियम घोटून घेतला होता: बोलण्याआधी दार लावून घ्यायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत समुपदेशनाला जाऊ लागले आणि कळलं, इथं बोलणं होतं ते ओसरीवर. सासू तूर निवडत बसलेली, शेजारीण चहा घेऊन आलेली. दार लावलंच, तर ‘हिला काय झालं?’ हे संध्याकाळपर्यंत गावभर.

पिशवीत नऊ प्रश्नांचा तक्ता असतो, पीएचक्यू-9. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, उत्साह. कमाल गुण 27. पेरणीच्या तोंडावर तो भरायला घेतला, तेव्हा एकीनं मलाच विचारलं, “सोसायटीचं कर्ज थकलं, बियाणं आनाचं हाय. झोप लागंन कशी ताई?” तिचे गुण मी निमूट मांडले. 1965 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॉम्पस्कॉटला जमलेल्या मानसशास्त्रज्ञांनी सामुदायिक मानसशास्त्राची वाट पाडली, ती याच अस्वस्थतेतून: माणसावर उपचार करता, त्याच्या भोवतालाचं काय? बळी पडलेल्यालाच दोष देण्याच्या खोडीवर विल्यम रायननं 1971 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. वाचताना मी जोरात मान डोलावली होती.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. एका बाईनं ‘नाही’ म्हटलं आणि शेताकडे नजर वळवली. “माहं नाही ताई. यायचं. कोनाले सांगू नका बरं.”

घरात फवारणीचे डबे होते. ते काही दिवस दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर जीव वाचू शकतो, हे मला पक्कं ठाऊक. पण डबे हलवायचे तर कुणाला तरी सांगणं आलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय. इथं ती कुणाची राखायची? बोलली ती, जीव तिच्या नवऱ्याचा. आणि त्याला मी अजून भेटलेही नव्हते.

शेवटी तिलाच विचारलं, कुणाला सांगितलेलं चालेल? तिनं चुलत दिराचं नाव घेतलं. तो आला, काही विचारलं नाही. भावाला म्हणाला, “तुह्या घरी लेकरं खेळतात, डबे माह्या कोठ्यात ठेवतो.” इतकं सभ्य खोटं मला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन मी त्याच्याशी बोलले. पुढच्या आठवड्यात दीरच त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेला. कर्ज होतं तिथंच होतं. तक्त्यातल्या ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात मी लिहिलं: कुटुंबाशी चर्चा. कोठ्याची किल्ली अजून दिराकडेच आहे.