हल्ली काय बघतोयस?

‘हल्ली काय बघतोयस?’ हा प्रश्न आपण २०२०च्या एप्रिल-मेमध्ये एकमेकांना जितक्यांदा विचारला, तितक्यांदा आधीच्या दहा वर्षांत मिळूनही विचारला नसेल. ‘कसा आहेस?’ला उत्तर देणं अवघड झालं होतं ना. ‘मजेत’ म्हणावं तर ते खोटं, आणि खरं सांगायला लागावं तर समोरच्याचंही तेच चाललेलं. त्यापेक्षा सिरियलचं नाव सांगणं सोपं. ऑफिसच्या ग्रुपवर तर रोज यादी पडायची. ‘मस्ट वॉच’, ‘मस्ट रीड’, ‘मस्ट लिसन’... एवढं ‘मस्ट’ तर आमच्या क्लायंटच्या रिक्वायरमेंटमध्येसुद्धा नसायचं.

त्या याद्यांमधलं आता फारसं काही आठवत नाही. एक यादी मात्र पक्की लक्षात आहे. ती माझी आणि माझ्या मिरजेच्या आत्याची.

आत्या तेव्हा अडुसष्ट वर्षांची. एकटी राहते. एकतीस वर्षं वाचनालयात नोकरी, त्यामुळे पुस्तक कुणाला द्यायचं आणि कुणाला द्यायचं नाही याबद्दल तिची ठाम मतं आहेत. (‘ययाती’ मागायला आलेल्या दहावीतल्या मुलाला तिने आधी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ नेऊन वाचायला लावल्याची कथा घराण्यात प्रसिद्ध आहे.) मी वाकडला वन बीएचकेमध्ये, तोही एकटाच. आई-बाबा नाशिकला दादाकडे अडकलेले. एरवी आत्याला माझा फोन दिवाळीला आणि तिच्या वाढदिवसाला. २८ मार्चच्या शनिवारी मी केला, तर तिने दोन मिनिटांत जेवणखाण, दूध, भाजी, औषधं हे सगळे विषय उरकले आणि म्हणाली, “आता पुढच्या शनिवारी काय बोलायचं? दूध मिळतंय हेच परत सांगू का तुला?”

मग तिनेच नियम केला. दर शनिवारी एकमेकांना एक गोष्ट द्यायची. पुस्तक, गाणं, सिनेमा, काहीही. पुढच्या शनिवारी त्यावर बोलायचं. ‘छान होतं’ म्हणायला बंदी. “छान काय, ते वाचनालयाच्या अभिप्राय-वहीत पण लिहितात लोक. पुस्तक न वाचता.”

तिने पहिलं दिलं दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. आता मला ते मिळणार कुठून? दुकानं बंद, आणि ऑनलाइनवाले तेव्हा फक्त जीवनावश्यक वस्तू आणून देत होते, ज्यात दुर्गाबाई बसत नव्हत्या. आत्या म्हणाली, मी वाचून दाखवते. ते पुस्तक १९५६ सालचं, एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख, आणि सुरुवात चैत्रापासून. लक्षात घ्या, २०२०चा पाडवा आला २५ मार्चला, म्हणजे बरोब्बर लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी. चैत्र सुरू आणि दार बंद. त्यामुळे दर महिन्याला एक लेख असं आपोआपच ठरलं.

वाचता वाचता ती मध्येच थांबून विचारायची, “तुझ्या खिडकीतून कुठलं झाड दिसतं?” मी म्हणालो, एक हिरवं झाड आहे. फोनवर शांतता. मग म्हणाली, “फोटो पाठव खुळ्या.” ते करंजाचं निघालं. त्याची पानं नुकतीच नवी आलेली, इतकी चकचकीत की रेंडर केल्यासारखी. चार वर्षं मी त्या झाडाखाली बाईक लावत होतो. त्यानंतर मात्र रोज सकाळच्या स्टँडअप कॉलला कॅमेरा बंद ठेवून मी त्याच्याकडे बघत बसायचो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा पुण्यातही बरीच झाडं पडली, आणि आमच्या करंजाची एक मोठी फांदी पार्किंगवर आली. मी आत्याला ते असं काही सांगितलं की शेजारच्या ब्लॉकमधलं कुणी पडलंय.

मी तिला दिलं ‘पंचायत’. ३ एप्रिलला आलं होतं, आठच भाग. तिचा डेटा रोज दीड जीबी, त्यात एक भाग बघून झाला की ती फोन उशीखाली ठेवून द्यायची, ‘तापतो’ म्हणून. मला ती सिरियल भयंकर आवडली होती. इंजिनिअर झालेला मुलगा मनासारखी नोकरी नाही म्हणून फुलेरा नावाच्या गावात पंचायत सचिव होतो आणि रात्री कॅटचा अभ्यास करतो. त्यात चाकाच्या खुर्चीवरून सगळं गाव पेटतं तो भाग मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघितला. त्या आठवड्यात आमच्या कंपनीत निम्म्या लोकांचा एचआरशी ‘घरी खुर्ची पाठवा’ हाच पत्रव्यवहार चालला होता, त्यामुळे मला तो विनोदी भाग वाटलाच नाही. :)

आत्याने सगळे भाग बघितले. मग म्हणाली, “बरंय. आता बनगरवाडी वाच.” व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५चं. (हे मात्र माझ्याकडे होतं, कॉलेजात बक्षीस मिळालेलं, न उघडलेलं.) तिथेही तसंच, एक कोवळा पोरगा सरकारी नोकरीवर आडगावात जातो. मास्तर म्हणून. त्यालाही गाव आधी परकं, मग आपलं. तोही गावकऱ्यांना जमवून काहीतरी उभं करतो, तालीम बांधतो. इथवर दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. मग दुष्काळ येतो, आणि ज्या गावासाठी एवढा खटाटोप केला ते गावच मेंढरं घेऊन उठतं आणि निघून जातं.

यावर आमची वादावादी ठरली होती ९ मेच्या शनिवारी. मी मुद्दे काढून बसलो होतो. माझं म्हणणं असं की ‘पंचायत’ही कंटाळ्याची गोष्ट आहे, भुकेची नाही, तिला दुष्काळ का मागायचा? पण आदल्या दिवशी पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ, करमाडला, रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. पायी गावी निघालेले. आत्या म्हणाली, “आज नको रे.” मग बराच वेळ आम्ही दोघं फोन धरून बसलो. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “बनगरवाडीतली माणसं गाव सोडून जातात, आणि ही गावाकडे चालली होती. कुठलं वाईट?” मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

त्याच महिन्यात मी मिरजेला जायला ई-पाससाठी अर्ज केला होता. कारणांच्या यादीत ‘जवळच्या नातेवाईकाचा मृत्यू’ होतं. जिवंत नातेवाईक हे कारण नव्हतं. अर्ज नामंजूर. असो.

बाकी याद्या भराभर सांगतो. ‘रामायण’ दूरदर्शनने २८ मार्चपासून पुन्हा दाखवायला घेतलं, सगळा देश बघत होता, आत्याने नाही बघितलं. “१९८७ला वाड्यात एकच टीव्ही होता आणि पन्नास माणसं. तेव्हा मी फक्त चहा केला, रामायण ऐकलं.” ‘ब्योमकेश बक्षी’ मात्र लागलं की फोन उचलायची नाही. ‘पाताल लोक’ तिने दुसऱ्या भागाला सोडलं. ऑगस्टमधल्या ‘बंदिश बँडिट्स’वर तिचा अभिप्राय एका ओळीचा होता: “सगळे घराण्यासाठी मरायला तयार, पण रियाजाचा कंटाळा आलेला एकही दिसला नाही.” शंकर-एहसान-लॉयच्या गाण्यांना मात्र पास केलं.

माझ्या डिलनवर तर तिने कमालच केली. बॉब डिलनचं ‘मर्डर मोस्ट फाउल’ २७ मार्चला आलं होतं. जवळजवळ सतरा मिनिटांचं, केनेडीच्या खुनावरचं. मला वाटलं हे काही चालणार नाही. तिला इंग्रजी कळतं, पण ते उच्चार कुठले कळायला! तर तिने नातवंडवाल्या शेजारणीकडून शब्द छापून घेतले, दोनदा ऐकलं आणि मला म्हणाली, “अरे, पुढचा अर्धा भाग तर ‘आपली आवड’ आहे!” आता आकाशवाणीच्या फर्माइशींचा आणि डिलनचा काय संबंध? पण नीट ऐका. उत्तरार्धात तो खरोखरच रेडिओवरच्या निवेदकाला हे लाव, ते लाव असं सांगत सुटतो. एक माणूस मेलाय, काळ फिरलाय, आणि हा गाण्यांची यादी देतोय. आत्या म्हणाली, “आपण दुसरं काय करतोय?”

आणि मग कुमार.

कुमार गंधर्व मला माहीत होते ते ‘बाबांच्या कॅसेटमधले’ एवढेच. आत्याने जुलैत दिले आणि नुसतं गाणं दिलं नाही, आधी गोष्ट सांगितली. लहानपणापासून गाजलेला हा गवई ऐन पंचविशीच्या आतबाहेर क्षयाने आडवा झाला. १९४८च्या सुमारास हवापालटासाठी माळव्यात, देवासला. गाणं बंद. एक-दोन महिने नाही, पाच-सहा वर्षं. पत्नी भानुमती शुश्रूषेला. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच आलेलं औषध. ते लागू पडलं, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. त्या पडून राहिलेल्या वर्षांत कानावर काय पडायचं, तर बाहेरून जाणाऱ्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची, लग्नाकार्यातली माळवी गाणी. त्यातूनच पुढे त्यांनी लोकधुनांमधले राग शोधले, आणि गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत असे ऋतूंचे कार्यक्रम केले. (“बघ, ऋतुचक्रच,” आत्या.)

मिरजेच्या माणसाला क्षय हा शब्द वेगळा ऐकू येतो हे मला तेव्हा कळलं. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम. आत्याच्या लहानपणी एसटी त्या बाजूने जाताना बायका पदर नाकाला लावायच्या. “आता तुम्ही सगळ्यांनी लावलाय तसा,” ती म्हणाली.

आमचा वाद होता तो कुमारांच्या त्या छोट्या छोट्या फ्रेजेसवर. एक स्वर असा फेकल्यासारखा येतो, मग मोकळी जागा, मग पुढचा. लोक म्हणतात, फुप्फुस एकच, दम पुरत नव्हता, म्हणून असं गायले. मला हे पटायचं, कारण इंजिनिअरला पटण्यासारखंच आहे: रिसोर्स कमी, म्हणून डिझाइन बदललं. आत्याला मुळीच मान्य नव्हतं. “दम नसलेली शेकडो माणसं मी बघितलीयत. त्यातलं कुणी असं गायलं नाही.”

सप्टेंबरात आत्याला ताप आला. तोवर ई-पास रद्द झाले होते, मी गाडी काढून मिरजेला गेलो, पण पोचेपर्यंत तिला ऑक्सिजनवर ठेवलेलं आणि वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते. किल्ली शेजारच्या काकूंकडे. तिच्या घरात तिच्याशिवाय मी पहिल्यांदाच राहत होतो. दिवसा लॅपटॉप उघडून तिच्या जेवणाच्या टेबलावर ऑफिस, आणि संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन येईपर्यंत काही नाही.

तिचा फोन तिच्याजवळ होता, बोलता मात्र येत नव्हतं. दोन शब्दांवर खोकला. म्हणून मी शेल्फवरचं ‘ऋतुचक्र’ काढलं आणि वाचून, रेकॉर्ड करून तिला पाठवायला लागलो. तिची ती प्रत म्हणजे दुसरंच पुस्तक होतं. समासात पेन्सिलीने वर्षं टाकलेली. निंब अमुक तारखेला फुलला, पहिला पावशा तमुक दिवशी. एकोणीसशे ऐंशीपासूनच्या नोंदी. चैत्रात ‘२०२०, फोनवर’. आणि आषाढाच्या पानावर बारीक अक्षरात: ‘फोनवर वाचलं. याचं लक्ष नव्हतं.’ (होतं. त्या दिवशी आमचं प्रॉडक्शन बसलं होतं आणि माझा एक कान तिकडे होता. दुसरा पूर्ण तिचाच होता.)

आता गंमत बघा, त्या वर्षी अधिक महिना आला होता, अधिक आश्विन, १८ सप्टेंबरपासून. पुस्तकात आश्विन एकच. म्हणून मी तो एकच लेख चार-पाच पानांचे तुकडे करून पुरवून पुरवून वाचत होतो. रोज रात्री पाठवायचं आणि दोन निळ्या टिका येईपर्यंत जागायचं. तीन दिवस टिका आल्याच नाहीत. काकू रात्री डबा घेऊन यायच्या आणि काही न विचारता परत जायच्या. चौथ्या दिवशी सकाळी मीटिंगमध्ये असताना मेसेज आला. एकच शब्द: ‘पुढे’.

अकराव्या दिवशी ती घरी आली. वजन नऊ किलो उतरलेलं. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी मी कुमार लावले, हळू आवाजात. ऐकत राहिली. मग म्हणाली, “बघ... मी आता... असंच बोलते. दोन शब्द... मग थांबा. याला... दम लागणं म्हणतात.” बोट स्पीकरकडे करून म्हणाली, “ते... वेगळंय.” वादात हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

ऑक्टोबरअखेर तिला ‘द क्वीन्स गॅम्बिट’ दाखवलं, सात भाग दोन दिवसांत. मी म्हणालो, पुरुषांमध्ये खेळणारी पोरगी, कसली भारी कल्पना! “कल्पना कसली? रोहिणी खाडिलकर १९७६ला, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. केवढा गदारोळ झाला होता. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना, मॅक्स युवेंना सांगावं लागलं की बाईला अडवता येणार नाही. पेपर उघडायचा असतो अधूनमधून.” हे सगळं एका दमात बोलली. मी घड्याळ लावून नव्हतो बसलो, पण काकूंनीही माझ्याकडे बघितलं.

शनिवारचा फोन अजून चालू आहे. ‘पंचायत’चा चौथा सीझन २०२५च्या जूनमध्ये आला, तो तिला अजिबात आवडला नाही. “नुसती निवडणूक. कुणी कामच करत नाही आता तिथे.” मला सध्या ‘स्मृतिचित्रे’ दिलंय, दीडशे पानं झालीयेत, आणि शनिवार उद्याच आहे.