हीलिसबाईंचं देणं

इंग्लंडमधल्या प्रेस्टनमध्ये नॅनांचं दार आमच्या दाराला लागून होतं. मी लग्न होऊन साताऱ्याहून तिथे गेले, तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं. पण दुकानात उभं राहून दोन वाक्यं बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटायचा नाही. नवरा हॉस्पिटलच्या ड्युट्यांत अडकलेला, मुलगी लहान, बाहेर सतत पाऊस. एका दुपारी नॅना दार वाजवून आत आल्या आणि तळहाताएवढी चार-पाच पुस्तकं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "लव्ह, हे वाच तिला. मी पण ऐकते."

बिएट्रिक्स पॉटरची पुस्तकं होती ती. पीटर ससा, जेमिमा बदक, टॉम नावाचं बोक्याचं पिल्लू. रोज चहाच्या वेळी मी मोठ्याने वाचायची आणि नॅना विणकाम करत ऐकायच्या. माझा उच्चार चुकला तरी त्यांनी कधी टोकलं नाही. थोड्या वेळाने तोच शब्द त्या सहज आपल्या बोलण्यात आणायच्या, नीट उच्चारून, आणि माझ्या कानाला बरोबर कळायचं. असं करत करत मी भाजीवाल्याशी, दवाखान्यातल्या बाईंशी, मुलीच्या शाळेत बोलायला लागले. त्या परक्या गावात मला उभं केलं ते नॅनांनी आणि त्या पुस्तकांनी.

नॅनांचं माहेर लेक डिस्ट्रिक्टमधल्या हॉक्सहेडच्या बाजूचं. घरात मेंढ्या. पुस्तकावर नाव 'पॉटर' असलं तरी त्यांच्या तोंडी कायम 'मिसेस हीलिस' असायचं, कारण वकील विल्यम हीलिस यांच्याशी 1913 साली लग्न झाल्यावर त्या भागातल्या शेतकऱ्यांत बाई त्याच नावाने ओळखल्या जात. पुस्तकांचं कौतुक मी करायची. नॅना एवढंच म्हणायच्या, "मेंढ्यांतलं कळायचं त्यांना." हे किती मोठं प्रशस्तिपत्र होतं, ते मला लेक डिस्ट्रिक्टला गेल्यावर कळलं. तोवर नॅना राहिल्या नव्हत्या. मुलगी मोठी झाली होती, तिलाच बरोबर घेऊन गेले.

बोनेसहून लोखंडी दोरावर ओढली जाणारी फेरी विंडरमिअर तलाव ओलांडते. पलीकडे चढ चढला की आधी फार सॉरी लागतं आणि मग निअर सॉरी. तिथे हिल टॉप, बिएट्रिक्स पॉटरचं घर. लंडनच्या श्रीमंत घरात 1866 साली जन्मलेली, शाळेत कधीच न गेलेली बिएट्रिक्स सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर सुट्टीला या तलावाकाठी आली आणि मनाने इथलीच झाली. पीटर सशाची गोष्ट तिने 1893 साली पत्रातून लिहिली, एका आजारी मुलाला बरं वाटावं म्हणून. प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा 1901 साली पदरचे पैसे घालून 250 प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी वॉर्न कंपनीने पुस्तक काढलं. त्या घरातल्या नॉर्मन वॉर्नशी 1905 साली तिचं लग्न ठरलं. धंदा करणारं घराणं म्हणून आईवडिलांचा विरोध होता. महिनाभरात नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच वर्षी पुस्तकांच्या पैशांतून आणि मावशीकडून आलेल्या थोड्या वारशातून तिने हिल टॉपची शेती घेतली.

घर अगदी साधं आहे. काळी चूल, भांड्यांचं लाकडी कपाट, वळणाचा जिना. पण पुस्तकं ज्याने वाचलीत त्याला तिथे पाऊल टाकताच ओळख पटते. गोष्टीतला भला मोठा उंदीर लाटणं ढकलत नेतो, तो जिन्यावरचा कोपरा समोरच होता. मुलगी तिथेच थांबली. "आई, नॅना इथे बोट ठेवायच्या," ती म्हणाली. परसात रुबार्बची रुंद पानं होती. जेमिमा अंडी लपवायला बघते ती हीच जागा. पॉटरबाईंनी मनाने काही रचलं नाही, दारातलं होतं तसं काढलं, त्यात बोलणारी जनावरं तेवढी घातली. चित्रांतला खरेपणा येतो तो इथून.

हिल टॉपला माणसांची गर्दी फार. तेवढंच बघून परतणाऱ्यांनी अर्धीच बाई पाहिली, असं मी म्हणेन. दुसरी अर्धी ट्राउटबेकच्या खोऱ्यात आहे.

ट्राउटबेक पार्क हे डोंगरातलं प्रचंड शेत त्यांनी 1923 साली घेतलं. तिथल्या मेंढ्या यकृतातल्या जंतांनी खंगल्या होत्या. बाईंनी टॉम स्टोरी नावाचा जाणता मेंढपाळ आणला, औषधोपचार केले आणि कळप पुन्हा उभा केला. मेंढ्या हर्डविक जातीच्या. पिल्लू जन्मतं काळंकुळकुळीत, वय वाढेल तसं पांढुरकं-राखाडी होत जातं. लोकर राठ. आमच्या समोर एक मेंढी वाऱ्यात पाठ फिरवून चरत होती. पाठीवर खुणेचा लाल पट्टा, कानाला मालकाची खाच, पोटाशी काळं पिल्लू. वर उघडा डोंगर, ना भिंत ना कुंपण.

मग ही मेंढी दुसऱ्याच्या रानात का जात नाही? कारण तिला हद्द ठाऊक असते. तिला तिच्या आईने शिकवली, तिच्या आईला तिच्या आईने. तिथे याला 'हेफ्ट' म्हणतात. आमच्या माणदेशाकडचे धनगर मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरतात, इथली मेंढी मात्र आपला डोंगर सोडत नाही. म्हणून शेत विकलं तरी कळप शेताबरोबरच राहतो. एकदा कळप गेला की ते शिक्षणही गेलं, नव्या मेंढ्या आणून ते मिळत नाही. 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत या डोंगरांतले कळप कापले जाऊ लागले, तेव्हा शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागला तो यासाठीच.

बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. जमिनीचे तुकडे पडून बंगले उठू नयेत म्हणून त्या शेतं घेत गेल्या. 1930 साली मॉंक कोनिस्टनची मोठी जमीन घेतली आणि त्यातली निम्मी वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला खरेदीच्याच भावाने दिली. 22 डिसेंबर 1943 रोजी त्या वारल्या. मृत्युपत्राने चार हजार एकरांहून जास्त जमीन आणि 14 शेतं ट्रस्टला दिली. डोंगरावरच्या शेतांत हर्डविक कळपच राहावेत, असंही त्यात लिहून ठेवलं. ज्या मातीने गोष्टी दिल्या तिला त्यांनी गोष्टींचा पैसा परत केला, तोही इतका व्यवहार बघून. लेखक म्हणून त्या थोर आहेतच. पण मला शेतकरी हीलिसबाई त्याहून मोठ्या वाटतात, आणि नॅनांना तर तसं कायमच वाटत आलं होतं.

माझं देणं मी माझ्या परीने फेडते आहे. मराठी मंडळाच्या वर्गात मुलांना जेमिमाची गोष्ट सांगते, मराठीतून. उच्चार चुकला की टोकत नाही.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर हिल टॉपचं तिकीट आधी काढून ठेवा, पण एक दिवस ट्राउटबेकसाठी राखा. मे महिन्यात जा, काळी पिल्लं दिसतील. शेतांतून जायला पायवाटा सगळ्यांना मोकळ्या आहेत. फक्त वाटेतलं फाटक उघडं दिसलं तर उघडं, लावलेलं दिसलं तर लावलेलं ठेवा, आणि मेंढ्यांच्या मधून जाऊ नका, कडेने जा.